वास्गोचं कडं: वाचावं कसं, घ्यावं कसं, जपावं कसं

२०१६ च्या उन्हाळ्यापासून माझ्या उजव्या मनगटावर चांदीचं कडं आहे. इंचभर रुंद, खालच्या बाजूला उघडं, वर कोरलेला प्राणी. इथे व्हँकुव्हरमध्ये कुणाच्या गणपतीला किंवा हळदीकुंकवाला गेले की कुणीतरी हात धरून विचारतंच, "मकरमुखी आहे का हो?" प्रश्न तसा फार दूरचा नाही. मकर जसा थोडा जमिनीवरचा, थोडा पाण्यातला, तसाच हाही. पण हा वास्गो आहे, कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यासमोरच्या बेटांवरचे मूळ रहिवासी असलेल्या हायडा लोकांच्या गोष्टींतला समुद्री लांडगा. तोंड, पाय, शेपूट लांडग्याची आणि पाठीवर किलर व्हेलचा उंच पर. रात्री तो समुद्रात उतरतो आणि उजाडायच्या आत देवमासे घेऊन परततो. एक पाठीवर, एक शेपटीच्या वळशात, कधी आणखी एक कानांमागे.

पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, "आम्हालाही घ्यायचंय, कुठे मिळेल?" दुकानाचं नाव सांगून मोकळं होता येईल, पण मी होत नाही. मी म्हणते, आधी कडं वाचायला शिका, मग विचारायला शिका, पैशांचं सगळ्यात शेवटी बघू. इथेही त्याच क्रमानं लिहितेय.

माझी नजर कुठून आली तेही सांगते. माझे वडील चांदीवर कोरीव काम करायचे. राळेत बसवलेलं कडं पुढ्यात धरून ते कोरणी चालवायचे आणि मी शेजारी दिवा धरून बसायची. कोरणी मला कधी चालवता आली नाही, पण तिची चाल ओळखता येते. २००५ मध्ये मी कॅनडात आले, तेव्हा वीस डॉलरच्या नोटेमागे बिल रीड यांची शिल्पं छापलेली असायची. त्या नोटेवरची रेघ पाहून मी थांबले. पोटात जाड होणारी, वळणावर निमुळती होणारी, कुठेही न तुटणारी. हा माणूस मुळात सोनार असणार असं मनात आलं आणि पुढे वाचल्यावर कळलं की खरंच होता. आई हायडा, स्वतः रेडिओवर निवेदक, आणि टोरांटोत असताना दागिने घडवणं शिकलेला.

हे कडं कुणाचं नाव सांगतं

हायडा ग्वाय हा ब्रिटिश कोलंबियाच्या उत्तर किनाऱ्यासमोरचा दीडशेहून जास्त बेटांचा समूह. नकाशावर त्याला आधी क्वीन शार्लट बेटं म्हणत. २०१० मध्ये लोकांचं स्वतःचं नाव अधिकृतपणे परत आलं. स्किडेगेट आणि ओल्ड मॅसेट ही हायडांची आजची दोन मुख्य गावं.

सगळा समाज दोन बाजूंमध्ये वाटलेला. एक रेव्हनची, म्हणजे डोमकावळ्याची, दुसरी गरुडाची. माणूस आईच्या बाजूचा असतो, वडिलांच्या नाही, आणि जुन्या रीतीप्रमाणे लग्न समोरच्या बाजूतच व्हायचं. प्रत्येक बाजूत अनेक घराणी आणि प्रत्येक घराण्याची आपापली चिन्हं. मराठी माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. आपल्याकडे देवक असतं, एका देवकाची सोयरीक जुळवत नाहीत, देवकाला हात जोडतात. तसंच काहीसं. फरक इतकाच की हायडांचं चिन्ह घरात झाकून राहत नाही. ते कोरीव लाकडी खांबावर (टोटेम पोलवर), होडीवर, पांघरुणावर आणि अंगावर उघड मिरवलं जातं.

अंगावर म्हणजे अक्षरशः अंगावर. हायडा लोक आपली चिन्हं गोंदून घेत, हातांवर, छातीवर, पायांवर. एकोणिसाव्या शतकात मिशनरी आले, गोंदण बंद पडत गेलं. पॉटलॅच हा त्यांचा दानाचा आणि मानपानाचा मोठा सोहळा, त्यावर कॅनडा सरकारनं १८८५ पासून बंदी आणली आणि ती १९५१ पर्यंत टिकली. त्याआधी १८६२ मध्ये देवीची साथ येऊन गावंच्या गावं ओस पडली होती. या सगळ्या काळात चांदीची नाणी ठोकून, पत्रा करून, त्याची कडी वळवली गेली आणि जे चिन्ह कातडीवर असायचं ते चांदीवर कोरलं गेलं. जुन्या छायाचित्रांत बायकांच्या हातात एकापुढे एक कडी दिसतात. मला ती छायाचित्रं बघताना दर वेळी माझ्या आजीचं हातावरचं गोंदण आठवतं.

त्या काळातला सगळ्यांत मोठा हात चार्ल्स एडनशॉ यांचा. जन्म १८३९ च्या सुमाराचा, मृत्यू १९२०. लाकूड, चांदी, सोनं आणि आर्जिलाइट हा बेटांवरचाच काळा दगड, सगळ्यांत त्यांनी काम केलं. बिल रीड यांचे आजोबा चार्ल्स ग्लॅडस्टन हे एडनशॉंचे भाचे आणि तेही चांदीकाम करणारे. १९५४ मध्ये आजोबांच्या अंत्यविधीसाठी रीड स्किडेगेटला गेले आणि तिथे त्यांनी एडनशॉंनी खोल कोरलेली कड्यांची जोडी पाहिली. त्यानंतर त्यांच्या कामाची दिशाच बदलली. आज नावाजलेले रॉबर्ट डेव्हिडसन हे एडनशॉंचे पणतू. १९६९ मध्ये, अवघ्या तेविसाव्या वर्षाच्या आत-बाहेर, त्यांनी ओल्ड मॅसेटमध्ये खांब उभारला. त्या गावात तसा खांब जवळपास नव्वद वर्षांत उभा राहिला नव्हता.

मग आपण हे घालावं का? मी हा प्रश्न स्किडेगेटमध्ये एका वयस्कर बाईंना सरळ विचारला. त्या म्हणाल्या, विकायला केलेलं काम घालण्यासाठीच असतं, फक्त ते कुणी केलं आणि त्यावर कोण आहे हे सांगता आलं पाहिजे, आणि ते स्वतःचं कुलचिन्ह आहे असं म्हणू नये. मी तेवढाच नियम पाळते. नक्षी आवडली म्हणून तिचा फोटो काढून आपल्या ओळखीच्या सोनाराकडून तशीच करून घेणं मात्र चोरी आहे. मला असं दोनदा विचारलं गेलंय, म्हणून स्पष्ट लिहिते.

वाचायला शिकणं

यावर वेळ घालवा. बाकी सगळं यावर उभं आहे.

आपल्याकडचा कोरणारा वेल काढायचा असेल तर वेलाची रेघ कोरतो. कोरलेली रेघ म्हणजे नक्षी. हायडा कड्यात उलटं आहे. मुख्य रेघ म्हणजे न कोरलेली, गुळगुळीत सोडलेली चांदी. कोरणी चालते ती तिच्या आजूबाजूच्या जागेत. हे मला लक्षात यायला बरेच महिने लागले आणि लक्षात आल्याक्षणी कडं वाचता यायला लागलं. तेव्हा पहिल्यांदा हातात घ्याल तेव्हा काळ्या भागाकडे बघू नका, चमकणाऱ्या भागावरून बोट फिरवत जा. ती चमकती पट्टी जाड होईल, बारीक होईल, वळेल, दुसरीला जाऊन मिळेल. तिला फॉर्मलाइन म्हणतात. शब्द बिल होम या अभ्यासकानं १९६५ मध्ये रूढ केला, रेघ त्याच्या कितीतरी आधीची. लाकडावर रंगवताना ही मुख्य रेघ बहुधा काळी, आतली दुय्यम रेघ लाल असते. चांदीवर रंग नाही. तिथे मागे ढकलायच्या भागात बारीक आडव्या-उभ्या रेघांची जाळी भरतात, म्हणजे तो भाग सावलीत जातो.

आता ओव्हॉइड. सगळ्या नक्षीचं बी तेच. कोपरे गोल केलेला आडवा आयत घ्या, त्याची वरची कड फुगवा, खालची किंचित आत ओढा. डोळा ओव्हॉइडमध्ये असतो. खांदा, मांडी, पराचं मूळ, शेपटीचा सांधा, जिथे जिथे अंग वळतं तिथे ओव्हॉइड असतो. उरलेली जागा यू-आकारांनी भरते. कान, पिसं, पर हे सगळे यू. त्यांच्या फटींत तीन टोकांचे आणि चंद्रकोरीसारखे छोटे तुकडे.

एक सराव सांगते. कागदाची उभी घडी घाला, घडीच्या बाजूनं अर्धा ओव्हॉइड काढा, कापा, उघडा. पहिले दहा-बारा बटाट्यासारखे होतील. वर फुगवटा जास्त झाला तर फुगा दिसतो, खालची कड फार आत गेली तर घेवड्याची बी. बरोबर जमतो तेव्हा तो ताणलेला वाटतो, आतून दाबून धरल्यासारखा. जुने कलावंतही ओव्हॉइडसाठी सीडरच्या सालीचे साचे कापून ठेवत. तुमचे कागद वहीतच राहू देत, पण हे केल्यावर दुकानातल्या काचेआडचा ढिला ओव्हॉइड तुम्हाला चार फुटांवरून कळेल. नकली कामाची पहिली खूण तीच, ओव्हॉइड मेलेला असतो.

प्राणी ओळखायच्या खुणा ठरलेल्या आहेत. डोमकावळ्याची चोच लांब आणि सरळ. गरुडाची टोकाशी खाली वळलेली. ससाण्याची किंवा थंडरबर्ड या गोष्टींतल्या महापक्ष्याची इतकी वळलेली की टोक परत चेहऱ्याला लागतं. पुढचे दोन मोठे दात आणि जाळीदार शेपूट म्हणजे बीव्हर, बहुतेक वेळा पंजात काठी धरलेला. रुंद तोंड, दात नाहीत, तो बेडूक. अस्वलाचं थोबाड आखूड, दात भरपूर, जीभ बाहेर लोंबणारी. उंच पर आणि श्वासाचं भोक असलं की किलर व्हेल. डॉगफिश नावाच्या छोट्या शार्कचं कपाळ घुमटासारखं उंच, गालांवर कल्ल्यांच्या चिरा. डोक्याच्या वर कान दिसले की प्राणी, माणूस नाही, हे सोपं सूत्र.

या यादीत वास्गो कुठे बसतो? पहिल्यांदा थोबाड बघा, लांब, दातेरी, नाकपुडी वळवलेली, कान ताठ. हा झाला लांडगा. मग पंजे आणि नख्या, म्हणजे हा जमिनीवर चालतो. आता पाठीवर या. पर दिसला की जमीन संपली, समुद्र सुरू. शेपूट लांब आणि बहुधा वर वळलेली, आणि नशीब असेल तर तिच्या वळशात किंवा पाठीवर इवलासा देवमासा. गफलत होते ती समुद्री अस्वलाशी. त्यालाही पर असतात, पण थोबाड आखूड. आणि अर्धा इंच रुंदीच्या कड्यावर तर फक्त डोकं आणि पर एवढंच मावतं, तिथे कलावंत सांगेल ते खरं.

अजून एक गोष्ट गोंधळात टाकते. कड्याच्या मध्यावर समोरून बघणारा चेहरा दिसतो, पण त्याला अंग दोन. घाबरू नका, प्राणी एकच आहे. तो पाठीच्या रेषेवर मधोमध उभा चिरून, पुस्तकासारखा उघडून मनगटाभोवती गुंडाळलाय. मध्यावर दोन अर्धी तोंडं जुळून चेहरा झाला, डावी कूस एकीकडे गेली, उजवी दुसरीकडे, आणि शेपटीचे दोन भाग उघड्या टोकांशी आले. त्या टोकांमध्ये तुमची नाडी. माझ्या कड्यावर मात्र पूर्ण प्राणी एकाच कुशीनं, बाजूनं दाखवलाय. दोन्ही पद्धती खऱ्या.

वाचता आलं की गोष्टही माहीत हवी. एका तरुणाला सासू सारखी घालूनपाडून बोलायची, आळशी म्हणायची. तो गावामागच्या तळ्याकाठी गेला, चिरलेल्या लाकडाचा सापळा करून त्यानं वास्गोला मारलं आणि त्याची कातडी पांघरली. कातडी पांघरली की त्याला वास्गोचं बळ यायचं. रोज रात्री तो समुद्रात उतरे आणि डोमकावळे ओरडायच्या आत शिकार सासूच्या दारात टाकून निघून जाई. गावात अन्नाचा तुटवडा होता. सासूला वाटलं, की तिनं भासवलं, हे सगळं आपल्याच मंत्रबळानं होतंय. गावभर तिचा डंका. शेवटी जावई त्या कातडीतून सगळ्यांसमोर बाहेर आला आणि सासू लाजेनं मेली. गावागावांत तपशील बदलतात. कड्यावर देवमासा का आहे, तो प्राणी इतका ओढत, वाकून का चाललाय, हे ही गोष्ट ऐकल्यावर दिसतं. माझ्या कड्यातल्या वास्गोचं तोंड किंचित वर आहे. कलावंताला विचारलं तर तो म्हणाला, "पहाट होतेय का ते बघतोय."

हातचं, ओतीव, की यंत्राचं

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, सोनार डोळ्याला लावतात तसलं. खिशात मावतं, आणि दाखवायला मागितलंत तर चांगला विक्रेता नाराज होत नाही.

हातानं कोरलेल्या खाचेची भिंत तिरकी असते आणि प्रकाश तिच्यावर पडून चमकतो. खोली बदलत जाते, वळणावर रेघ रुंदावते, शेवटी कोरणी उचलल्याची निमुळती शेपटी दिसते. जाळीच्या रेघा मोजल्यात तर अंतर थोडं इकडेतिकडे असेल. माझे वडील म्हणायचे, हात श्वास घेतो तेवढं अंतर हलतं. ओतीव कामात कडा मऊ पडतात, कोपरे भरून येतात, खाचेच्या तळाशी बारीक रवाळपणा दिसतो. लेसर किंवा आम्लानं कोरलेलं असेल तर तळ सपाट आणि सगळीकडे सारखा खोल. ओतीव काम वाईट असतं असं नाही. बिल रीड यांनीही ओतकाम केलंय, उठावाचं कामही केलंय. पण ओतीव असेल तर तसं सांगितलं गेलं पाहिजे, आणि हातकोरीवाचा भाव लावला जाऊ नये.

माझी पहिली खरेदी फसली ती इथेच. २००९ मध्ये शहराच्या मध्यवस्तीतल्या भेटवस्तूंच्या एका दुकानात "हायडा शैली" असं लिहिलेलं पदक मी घेतलं. घरी येऊन भिंगाखाली धरलं तर साच्यातून काढलेलं, मागे कुणाचं नाव नाही. "शैली" या शब्दावर मी अडखळायला हवं होतं. तेव्हापासून तो शब्द दिसला की मी पुढे जाते.

आतल्या बाजूला दोन गोष्टी शोधा. शुद्धतेची खूण, म्हणजे ९२५ किंवा स्टर्लिंग, अर्थात ९२.५ टक्के चांदी आणि बाकी बहुधा तांबं. जुनं नाण्यांचं कडं असेल तर ही खूण नसेलही, अमेरिकन डॉलरच्या नाण्यात ९० टक्के चांदी असायची. दुसरी गोष्ट, कलावंताची कोरलेली सही. त्याशिवाय आजचं कडं घेऊ नका.

विचारायचं काय, द्यायचं किती

विक्रेत्याला विचारा: कुणी केलं? हायडा की दुसऱ्या किनारी समाजाचा कलावंत? कुठल्या गावचा, कुठल्या बाजूचा? हा प्राणी कोणता? हातानं कोरलंय का? पत्रा किती गेजचा, म्हणजे किती जाड? या उत्तरांसाठी समोरच्याला कागद शोधावा लागला तर चालेल, पण विषय बदलला तर निघा. शेजारचे सिमशियन, त्लिंगित, क्वाक्वाक्याʼवाक् हे समाजही उत्तम काम करतात, त्यांचंही जरूर घ्या, पण त्यांच्या नावानं घ्या.

व्हँकुव्हरमध्ये आधी फुकट किंवा तिकीट काढून डोळे तयार करा. विमानतळावर आंतरराष्ट्रीय प्रस्थानाच्या मजल्यावर रीड यांचं हिरव्या झळाळीच्या होडीचं शिल्प आहे, त्या होडीतला लांडगा शोधा. हॉर्नबी रस्त्यावर २००८ मध्ये उघडलेली बिल रीड गॅलरी आहे, तिथे दागिने जवळून दिसतात. विद्यापीठाचं मानववंशशास्त्र संग्रहालय आहे, तिथे शिंपल्यातून माणसं शोधून काढणाऱ्या रेव्हनचं रीड यांचं शिल्प आहे. जमलं तर बेटांवरच जा. प्रिन्स रूपर्टहून स्किडेगेटची बोट सात-आठ तास घेते. स्किडेगेटच्या के-ल्नागाय इथल्या हायडा हेरिटेज सेंटरमध्ये तासभर घालवा, मग कलावंत स्वतःच कुठे काम करतात ते कळतं. मॅसेटकडे आजीला "नानी" म्हणतात, हे ऐकून मला किती आनंद झाला ते लिहून सांगता येणार नाही. आभार मानताना "हावा" म्हणा, शेवटचा स्वर थोडा लांबवून.

भावाचं. आपली सवय अशी की वजन विचारायचं, दर विचारायचा, मग घडणावळीवर घासाघीस. इथे ती सोडा. एक इंच रुंद, सहा इंच लांब, सोळा गेजचा म्हणजे साधारण १.३ मिलिमीटर जाडीचा पत्रा घेतला तर चांदी पन्नास ग्रॅमच्या आसपास भरते. तेवढ्या चांदीची किंमत कड्याच्या किमतीत कोपऱ्यात बसते. तुम्ही पैसे देता ते घडणावळीचे, किंवा खरं तर त्या रेघेचे. मी २०१६ मध्ये थेट कलावंताला ८५० डॉलर दिले. नावाजलेल्या हाताचं कडं हजारांत जातं. रुंदी दुप्पट केली की काम दुपटीहून जास्त वाढतं, त्यामुळे दोन इंची कड्याची किंमत ऐकून दचकू नका. दुकानातून घेतलंत तर वर १२ टक्के कर धरा, ५ केंद्राचा आणि ७ प्रांताचा. बजेट कमी असेल तर रुंद ओतीव कड्यापेक्षा अर्ध्या इंचाचं हातकोरीव घ्या, किंवा छोटं पदक.

माप आणि घालण्याची रीत

मनगटाच्या हाडाच्या मागे, कोपराच्या बाजूला, कागदाची पट्टी गुंडाळून घेर मोजा. नेहमीच्या मापात चांदीची लांबी सहा इंच आणि उघडी फट इंचभर धरतात, म्हणजे आतला घेर सात इंच. रुंद कडं थोडं सैल हवं, अरुंद घट्ट चालतं. कलावंत समोर असेल तर त्यालाच मनगटावर बसवू द्या.

आता हे नीट ऐका, कारण कडी इथेच मोडतात. फाकवून घालायचं आणि दाबून बसवायचं, असं करू नका. चांदी दर वेळी वाकवली की कडक होते आणि कडक होत होत एक दिवस तडकते, नेमकी मध्यावर, चेहऱ्यातून. मनगटाची आतली बाजू वर करा, कड्याची फट मनगटाच्या कडेला, जिथे हात सर्वांत पातळ आहे तिथे लावा, एक टोक आधी सरकवा आणि कडं गोल फिरवत दुसरं टोक आत घ्या. काढताना तसंच उलट. पहिल्या आठवड्यात कातडीला थोडा चिमटा बसेल, मग हात शिकतो. आकार खरंच बदलायचा असेल तर कलावंताकडे न्या, तो गरज पडली तर तापवून चांदी नरम करून घेईल.

काळं कुठलं काढायचं, कुठलं नाही

खाचांमधला काळेपणा बऱ्याच कड्यांवर मुद्दाम केलेला असतो, गंधकाच्या द्रावानं. तो नक्षीची सावली आहे. हे मला माहीत होतं आणि तरीही २०१८ च्या दिवाळीत मी घरातल्या बाकीच्या चांदीबरोबर कडंही अ‍ॅल्युमिनियमची फॉइल, खायचा सोडा आणि गरम पाण्याच्या पातेल्यात टाकलं. दहा मिनिटांत गंधक चांदी सोडून फॉइलकडे गेलं. कडं लख्ख निघालं आणि वास्गो दिसेनासा झाला. डोळा पुसला गेल्यासारखा. पुढच्या उन्हाळ्यात मी ते कलावंताकडे घेऊन गेले, त्यानं न बोलता खाचा पुन्हा काळ्या केल्या, वरची रेघ पुसून उजळली आणि कडं माझ्या हातात देताना मऊ कापडाचा तुकडाही दिला.

तेवढाच लागतो. चांदी पुसायचं मऊ कापड, फक्त वरच्या रेघेवरून, रेघेच्या दिशेनं. घाम बसला असेल तर कोमट पाणी आणि साध्या साबणाचे दोन थेंब, मग लगेच कोरडं. बुडवायचे द्राव नकोत, टूथपेस्ट नको, रांगोळी नको, चिंच-मीठही नको. तलावात पोहताना, गंधकाच्या गरम झऱ्यात उतरताना काढून ठेवा. अंडी सोलताना आणि काळं मीठ कुटतानाही, त्यातही गंधक असतं. रोज घातलेलं कडं कपाटातल्या कड्यापेक्षा चांगलं राहतं, कारण घासून वरची रेघ आपोआप उजळत राहते. ठेवायचंच असेल तर हवा काढलेल्या छोट्या पिशवीत, रबरबँड न लावता.

शेवटचं काम पाच मिनिटांचं आहे. माझ्या वडिलांनी कधी कशावर सही केली नाही. त्यांनी कोरलेली भांडी आणि कडी कुणाकुणाच्या घरात असतील, पण ती त्यांची आहेत हे आज कुणालाच, मलाही, सांगता येणार नाही. एडनशॉंचीही बहुतेक कामं अभ्यासकांना हातावरून, रेघेवरून ओळखावी लागतात. म्हणून कडं घेतलंत त्याच संध्याकाळी एक चिठ्ठी लिहा: कलावंताचं नाव, गाव, तो रेव्हनचा की गरुडाचा, प्राणी कोणता, तो काय करतोय, कुठल्या दिवशी घेतलं. माझी चिठ्ठी मराठीत आहे आणि पाठीमागे लेकीसाठी इंग्रजीत. तिच्या शेवटच्या ओळीत लिहिलंय की तोंड वर का आहे.